उपहास करणाऱ्याचे काय उरते? : निकोला ब्वालोची कथा

१/ मराठी इतिहासाच्या वाचकाला फ्रान्स्वा बर्नियर हे नाव नवे नाही. १६६४ सालच्या सुरतेचा विषय निघाला, की त्याच्या प्रवासवृत्ताचा दाखला निघतोच. शिवाजी महाराजांनी कॅपुचिन पाद्री ॲम्ब्रोझ यांच्या निवासाला हात लावला नाही, ही नोंद त्याच्याच पुस्तकातली. मीही बर्नियर उघडला तो त्या एका नोंदीसाठी. नोंद मिळाली, पण पुस्तक मिटवेना. पाने उलटता उलटता मी भलत्याच माणसाच्या दारात जाऊन उभी राहिले. आजची ही लेखमाला त्या माणसाविषयी आहे. थोडी दीर्घ आहे, सवडीने वाचावी.

२/ बर्नियरच्या वृत्तांतात काही लांबलचक पत्रे आहेत. ४ ऑक्टोबर १६६७ रोजी शिराझहून लिहिलेल्या पत्रात त्याने दिल्लीत पाहिलेले सूर्यग्रहण, यमुनेवरची स्नानाची गर्दी, सतीचे प्रसंग आणि हिंदूंच्या धर्मसमजुती यांचे वर्णन केले आहे. हे पत्र ज्याला लिहिले, त्याचे नाव शाप्लँ. हे गृहस्थ कोण, म्हणून शोध घेतला. जिथे पाहावे तिथे एकच ओळख सापडली : ब्वालोने ज्याची टर उडवली, तो कवी.

३/ एका विद्वान माणसाची साडेतीनशे वर्षांनंतरची ओळख एवढीच असावी, याने मी अस्वस्थ झाले. अस्वस्थतेला एक खासगी कारणही होते. मीदेखील एकदा एका कवीची टर उडवली होती. ती हकीकत यथावकाश येईल. आधी ब्वालो.

४/ निकोला ब्वालोचा जन्म १ नोव्हेंबर १६३६ रोजी पॅरिसमध्ये, न्यायालयाच्या आवारालगत झाला. वडील ‘पार्लमाँ’ या उच्च न्यायालयात शिरस्तेदाराच्या जागेवर होते. निकोला त्यांचे पंधरावे अपत्य. तो दोन वर्षांचा असताना आई गेली. लहानपणी मूतखड्यासाठी केलेली शस्त्रक्रिया बिघडली आणि तिचे दुखणे त्याला जन्मभर पुरले. त्याने पुढे लग्न केले नाही. भावांपासून वेगळे ओळखू यावे म्हणून त्याला ‘देप्रेओ’ म्हणत. समकालीनांच्या पत्रांत तो बहुधा याच नावाने भेटतो.

५/ घरच्यांनी त्याला आधी धर्मशास्त्राकडे धाडले, मग कायद्याकडे. १६५६ साली त्याने वकिलीची सनद घेतली. परंतु कोर्टात त्याचे मन रमले नाही. पुढच्याच वर्षी वडील वारले आणि बेताने राहिल्यास आयुष्य निभावेल एवढा वाटा त्याच्या हाती आला. हा तपशील महत्त्वाचा आहे. त्या काळी लेखकाला जगायचे तर कुणातरी सरदाराचा किंवा राजाचा आश्रय लागे, आणि आश्रय हवा तर जिभेला लगाम लागे. ब्वालोला उमेदवारीच्या वर्षांत असा लगाम नव्हता.

६/ आता शाप्लँकडे वळू. झाँ शाप्लँ (१५९५-१६७४) हा फ्रेंच अकादमीच्या संस्थापक सभासदांपैकी एक. भाषापंडित, बहुश्रुत, युरोपभरच्या विद्वानांशी पत्रव्यवहार असलेला. बर्नियर हिंदुस्थानात असताना तिकडे काय पाहावे, काय विचारावे, हे त्याला पत्रांतून सुचवणाराही तोच. राजा चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने १६६३ च्या सुमारास लेखकांना वर्षासने देण्याचे ठरवले, तेव्हा कोण पात्र आहे याची यादी करण्याचे काम शाप्लँवर सोपवले. अर्थात, पॅरिसमधल्या प्रत्येक लेखकाची भाकरी काही अंशी त्याच्या शब्दावर अवलंबून राहू लागली.

७/ या अधिकारामागे मोठी कीर्ती होती. जोन ऑफ आर्कवर तो महाकाव्य रचत आहे, हे पॅरिसला सुमारे पाव शतक ठाऊक होते. एक ड्यूक त्यासाठी त्याला वर्षानुवर्षे वेतन देत होता. दिवाणखान्यांतून त्याचे खासगी वाचन होई आणि लोक धन्य धन्य म्हणत. अखेर १६५६ साली ‘ला प्युसेल’चे पहिले बारा सर्ग छापून आले. आवृत्त्या भराभर खपल्या. पण लोकांनी प्रत्यक्ष वाचायला घेतल्यावर त्यांना दातांखाली खडा लागला. ओळी खडबडीत, गती जड. तरीही हे उघड बोलायचे कुणी? यादी ज्याच्या हाती, त्याच्या कवितेला नाव ठेवणे परवडणारे नव्हते.

८/ ब्वालोला परवडत होते. १६६६ साली त्याच्या पहिल्या सात उपरोधिका पुस्तकरूपाने आल्या. उपरोधिका हा प्रकार जुनाच, रोमन कवी होरेस आणि ज्युव्हेनल यांचा. ब्वालोने त्यात पॅरिस आणले : रात्रभर झोपू न देणारे रस्ते, फसलेली मेजवानी, उपाशी कवी. आणि मुख्य म्हणजे त्याने नावे घेतली. शाप्लँ, धर्मगुरू-कवी कोतँ, नाटककार किनो, कादंबऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या घराण्यातला स्क्युदेरी. टोपणनावाचा बुरखा नाही, आडपडदा नाही. यमक जुळवताना वाईट कवीचे नाव आपसूक ओळीच्या टोकाला येऊन बसावे, अशी त्याची चाल. ओळी पाठ व्हायला सोप्या होत्या, आणि पॅरिसने त्या पाठ केल्या.

९/ याच सुमारास त्याची मोलिएर, रासीन आणि ला फाँतेन यांच्याशी गट्टी जमली. चौघेही तेव्हा प्रतिष्ठित होण्याच्या वाटेवर. रासीनच्या मुलाने पुढे लिहिलेल्या आठवणींत एक किस्सा आहे. या मंडळींच्या बैठकीत ‘ला प्युसेल’ची एक प्रत टेबलावर ठेवलेली असे. कुणाकडून चूक झाली, की तिच्यातल्या काही ओळी वाचण्याची शिक्षा. सबंध पान वाचायला लावणे म्हणजे देहदंड. किस्सा तंतोतंत खरा असो वा नसो, त्या टेबलावरचे हसू आपल्याला ओळखीचे आहे. आपण सगळेच अशा एखाद्या टेबलाशी कधी ना कधी बसलो आहोत.

१०/ मी बसले होते. महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षी आमच्या भित्तिपत्रकात मी ‘पुस्तकपरीक्षण’ नावाचे सदर लिहीत असे. आमच्याच वर्गातल्या एका मुलाने पदरचे पैसे घालून चाळीस पानांचा कवितासंग्रह छापला आणि मोठ्या विश्वासाने एक प्रत मला दिली. मी त्यातली सर्वांत कच्ची ओळ शोधली, तिच्यावर एक चुरचुरीत वाक्य रचले आणि सबंध परीक्षण त्या वाक्याभोवती गुंफले. दोन दिवस कँटीनमध्ये ते वाक्य गाजले. तो मुलगाही हसला. त्यानंतर मात्र त्याची कविता कुठे दिसली नाही.

११/ तेव्हा मला वाटले होते, मी साहित्याची सेवा केली. ब्वालोलाही तसेच वाटत होते, आणि त्याच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. १६६८ साली आलेल्या नवव्या उपरोधिकेत तो स्वतःच्याच बुद्धीला धारेवर धरतो आणि टीकेचा अधिकार कुठवर, हा प्रश्न उभा करतो. त्याचे उत्तर स्वच्छ आहे. शाप्लँ सज्जन आहे, सालस आहे, शब्दाचा पक्का आहे. हे सर्व मान्य. आक्षेप केवळ त्याच्या पद्यावर. पुस्तक छापून विकायला ठेवले, की ते वाईट आहे असे म्हणण्याचा हक्क प्रत्येक वाचकाला मिळतो. माणूस आणि कृती यांत रेषा ओढण्याचा हा प्रयत्न आधुनिक समीक्षेच्या दृष्टीने मोलाचा आहे.

१२/ ती रेषा प्रत्यक्षात पाळली गेली का? कोतँचे उदाहरण पाहावे. ब्वालोने त्याला लक्ष्य केले, कोतँने उलट प्रहार केले, आणि १६७२ साली मोलिएरने ‘ले फाम सावांत’ या नाटकात त्याला त्रिसोतँ या ढोंगी कवीच्या रूपात रंगमंचावर उभे केले. प्रेक्षकांना मूळ माणूस ओळखायला वेळ लागला नाही. हसू एकदा सभागृहात शिरले, की ते कृतीपाशी थांबत नाही. ते माणसाच्या घरापर्यंत जाते.

१३/ दरम्यान आपला बर्नियर हिंदुस्थानातून परतला होता. १६७० च्या सुमारास त्याचे प्रवासवृत्त पॅरिसमध्ये छापले जाऊ लागले आणि तो ब्वालोच्या मित्रमंडळात दिसू लागला. १६७१ साली पॅरिस विद्यापीठाने देकार्तच्या नव्या तत्त्वज्ञानावर न्यायालयाकडून बंदी आणवण्याचा घाट घातला. त्यावर ब्वालोने एक खोटा न्यायालयीन हुकूमनामा रचला, ‘आरे ब्युर्लेस्क’. यात बर्नियर आणि रासीन यांचाही हात होता, असे परंपरा सांगते.

१४/ हुकूमनाम्याची भाषा अस्सल कोर्टाची. शिरस्तेदाराच्या घरात वाढलेल्या मुलाला ती पाठच होती. त्यात ॲरिस्टॉटलला विद्यापीठाचा निर्वेध ताबा देण्यात येतो, ‘तर्कबुद्धी’ नामक परक्या बाईला वर्गात शिरण्यास मनाई होते, आणि रक्ताने यापुढे शरीरात भटकू नये असेही फर्मावले जाते. रक्ताभिसरणाचा शोध तेव्हा नवा होता आणि बर्नियर स्वतः वैद्य होता, हे ध्यानात घेतले की विनोदाची धार कळते. हा उपहास दुबळ्याचा नव्हे, सत्तेचा आहे. ब्वालो मला इथे सर्वांत आवडतो.

१५/ बर्नियरच्या हिंदुस्थानविषयक पत्राचा धनी शाप्लँ, आणि पॅरिसमध्ये त्याच्याबरोबर हसायला ब्वालो. म्हणजे ज्या वर्तुळात शाप्लँची थट्टा चाले, त्याच वर्तुळात त्याचे स्नेहीही वावरत. इतकेच काय, तरुण रासीनने १६६० साली राजाच्या विवाहावर लिहिलेली स्तुतिकविता शाप्लँने आपुलकीने तपासून, दुरुस्त्या सुचवून दिली होती, आणि रासीनला राजदरबारी पहिली बिदागी मिळण्यामागे त्याचाच शब्द होता. टेबलावरच्या त्या प्रतीकडे बघून रासीन हसताना त्याच्या मनात काय येत असेल, हा प्रश्न मला सतावतो.

१६/ आता १६७४ या वर्षाकडे. याच वर्षी शाप्लँ वारला, आणि याच वर्षी ब्वालोचा संकलित ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात तीन मोठ्या गोष्टी होत्या : ‘लार पोएतिक’ म्हणजे काव्यकला, ‘ल ल्युत्रँ’ हे विडंबन-महाकाव्य, आणि लाँजायनसच्या नावावर असलेल्या ग्रीक प्रबंधाचा अनुवाद. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांची त्याची कीर्ती प्रामुख्याने या एका ग्रंथावर उभी राहिली.

१७/ ‘काव्यकला’ हे चार सर्गांचे, सुमारे ११०० ओळींचे पद्यबद्ध शास्त्र. पहिल्या सर्गात सर्वसाधारण तत्त्वे, दुसऱ्यात छोटे काव्यप्रकार, तिसऱ्यात शोकात्मिका, महाकाव्य आणि सुखात्मिका, चौथ्यात कवीच्या वर्तनाविषयी उपदेश. विचार स्पष्ट असेल तरच शब्द स्पष्ट येतात. घाई करू नये, लिहिलेले पुन्हा पुन्हा तपासावे. बहुतेक वेळा वाढवण्यापेक्षा खोडावे. स्तुतिपाठकापेक्षा दोष दाखवणारा मित्र जोडावा. नाटकाची घटना एक, जागा एक, आणि काळ एका दिवसाचा. फ्रान्समधल्या शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी या ओळी घोकल्या, आणि त्यांतल्या काही म्हणींसारख्या रुळल्या.

१८/ येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ब्वालोने नियम केले आणि त्या नियमांवरून फ्रेंच अभिजात साहित्य घडले, असे पुष्कळदा सांगितले जाते. सनावळी तपासली तर क्रम उलटा दिसतो. कॉर्नेयचे ‘ल सिद’ १६३७ चे, रासीनचे ‘आंद्रोमाक’ १६६७ चे, ला फाँतेनच्या नीतिकथांचा पहिला संग्रह १६६८ चा. आणि मोलिएर तर १६७३ मध्ये निवर्तला होता. ब्वालोने घडून गेलेल्याचे सूत्र बांधले. व्याकरणकार भाषा बोलली गेल्यानंतर येतो, तसा तो आला. त्याच्या दृष्टीतून निसटलेलेही खूप आहे. नीतिकथा या प्रकाराचा त्या ग्रंथात उल्लेखच नाही, म्हणजे मित्र ला फाँतेनच गायब. सोळाव्या शतकातल्या राँसारसारख्या थोर कवीला त्याने दोन-चार ओळींत निकालात काढले.

१९/ ‘ल ल्युत्रँ’ची गंमत निराळी. ब्वालोच्या घराजवळच्या सेंत शापेल या चर्चमध्ये दोन अधिकाऱ्यांत भांडण जुंपले : पोथी ठेवण्याचे एक अवजड घोडके कुठे असावे? एकाने ते दुसऱ्याच्या आसनापुढे आणून ठेवले, दुसऱ्याने ते हटवले, आणि प्रकरण वरिष्ठांपर्यंत गेले. एवढ्याशा विषयावर महाकाव्य होईल का, असे न्यायाधीश लामुआन्यों यांनी हसत विचारले आणि ब्वालोने ते रचून दाखवले. शूरवीरांची भाषा, देवतांचे हस्तक्षेप, आणि भांडण लाकडी घोडक्याचे. अलेक्झांडर पोपच्या ‘द रेप ऑफ द लॉक’ या इंग्रजी काव्याच्या पूर्वजांत याची गणना होते.

२०/ तिसरी गोष्ट मराठी साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला जवळची. पाश्चात्त्य समीक्षेत ‘उदात्त’ ही संकल्पना आपण लाँजायनसच्या नावाने शिकतो. तो ग्रीक प्रबंध शतकानुशतके मोजक्या विद्वानांच्या कपाटांत होता. ब्वालोच्या फ्रेंच अनुवादाने तो सामान्य वाचकापर्यंत आणला आणि अठराव्या शतकातली युरोपभरची उदात्तचर्चा तिथून पसरली. भारदस्त शब्दांत औदात्त्य नसते. अगदी साध्या वाक्यानेही मन उचलले जाते, हे त्याने प्रस्तावनेत ठासून सांगितले. नियमांचा पहारेकरी म्हणून ज्याला नावे ठेवली गेली, त्यानेच नियमांच्या पलीकडच्या अनुभवाला युरोपात वाट करून दिली.

२१/ १६७७ साली राजाने रासीन आणि ब्वालो यांना आपले इतिहासकार नेमले. दोघे मोहिमांवर राजाबरोबर जाऊ लागले आणि घोड्यावर धड बसता न येणारे हे दोन कवी छावणीत चेष्टेचा विषय झाले. पुढे तब्येतीमुळे ब्वालोने मोहिमा सोडल्या; काम चालू राहिले. त्या कागदांचे काय झाले? त्यांच्यामागून या पदावर आलेल्या वालँकूरच्या सेंक्लूच्या घराला १७२६ साली आग लागली आणि बहुतेक हस्तलिखित जळाले. ज्यासाठी राजाने नेमले ते राख झाले. थट्टेखातर रचलेले घोडक्याचे काव्य उरले. इतिहासाच्या अभ्यासकाने हे लक्षात ठेवावे.

२२/ अकादमीत त्याचा प्रवेश १६८४ मध्ये झाला, तोही राजाच्या इच्छेने. त्याने ज्यांची टर उडवली होती, त्यांतले हयात असलेले सभासद आणि दिवंगतांचे मित्र तिथे बसलेले होतेच. २७ जानेवारी १६८७ रोजी त्याच अकादमीत शार्ल पेरोने एक कविता वाचली. तिचा आशय : आपला लुईचा काळ ग्रीक-रोमनांच्या काळापेक्षा उणा नाही, आणि होमरातही दोष आहेत. ब्वालो संतापून उठला व त्याने भर सभेत निषेध केला. ‘प्राचीन आणि अर्वाचीन यांचा वाद’ म्हणून साहित्येतिहासात गाजलेला कलह तो हाच.

२३/ पेरो म्हणजे तोच, ज्याने १६९७ साली सिंड्रेला आणि लाल टोपीवाल्या मुलीच्या कथा प्रसिद्ध केल्या. वाद सात वर्षे धुमसला. १६९४ मध्ये ब्वालोने लाँजायनसवरील चिंतनांतून पेरोवर तोफा डागल्या. त्याच वर्षी वृद्ध धर्मपंडित आंत्वान आर्नोच्या मध्यस्थीने दोघांत समेट झाला. नंतर पेरोला लिहिलेल्या पत्रात ब्वालोने मान्य केले, की अनेक बाबतींत आपले शतक ऑगस्टसच्या रोमपेक्षा सरस आहे. आडमुठा म्हणून प्रसिद्ध असलेल्या माणसाने हे लिहून छापलेही.

२४/ तो क्रूर होता का? चरित्रात उलट बाजूच्या आठवणी आहेत. वकील आणि भाषातज्ज्ञ पात्र्यू कर्जबाजारी झाला, तेव्हा ब्वालोने त्याचा ग्रंथसंग्रह विकत घेतला आणि मरेपर्यंत तो त्याच्याकडेच ठेवला. वृद्ध कॉर्नेयचे वर्षासन थांबले, तेव्हा आपले काढून त्याला द्यावे, अशी विनंती ब्वालोने केल्याचे सांगतात. ओतय गावच्या घरी त्याने माळ्याला उद्देशून एक पद्यपत्र लिहिले, त्यात तो त्या कष्टकऱ्याशी बरोबरीच्या नात्याने बोलतो. रासीनशी त्याची मैत्री जवळजवळ साडेतीन दशके टिकली. १६९९ साली मृत्युशय्येवरच्या रासीनला, आपण ब्वालोच्या आधी जातो आहोत, हेच भाग्य वाटले, असे त्याच्या मुलाने लिहून ठेवले आहे.

२५/ आणि एक गोष्ट, जिच्यामुळे मी ही लेखमाला लिहायला बसले. उपरोधिका प्रसिद्ध झाल्यावर बऱ्याच वर्षांनी, एका नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत ब्वालो मागे वळून पाहतो. किनोवर लिहिले तेव्हा आम्ही दोघेही फार तरुण होतो, असे तो म्हणतो, आणि किनोची नंतरची कीर्ती योग्य असल्याचे मान्य करतो. टीका केलेल्या इतर कवींतही प्रतिभा होती, आणि आपणही टीकेस तितकेच पात्र आहोत, हेही. शाप्लँविषयी तो कबूल करतो, की त्याने एक चांगली स्तुतिकविता लिहिली होती. मात्र कबुली देतानाही त्याला टोमणा आवरत नाही. आणि तोवर शाप्लँ हयात नव्हता.

२६/ ब्वालोची अखेर एकाकी झाली. मित्र गेले, ऐकू येणे कमी झाले, ओतयचे घरही सुटले. बारावी उपरोधिका जेझुइटांच्या दबावामुळे राजाने छापू दिली नाही. ती त्याच्या मृत्यूनंतर आली. १३ मार्च १७११ रोजी तो वारला आणि घोडक्याच्या भांडणाने ज्याला त्याने अमर केले, त्याच सेंत शापेलमध्ये त्याला पुरले. १८१९ साली त्याचे अवशेष सें-जेर्में-दे-प्रे या चर्चमध्ये हलवले. त्याच वर्षी देकार्तचेही अवशेष तिथे आले. ज्याच्या बाजूने त्याने तो खोटा हुकूमनामा लिहिला होता, त्याच्याच छपराखाली तो आज आहे.

२७/ मृत्यूनंतरचे शतक त्याचे होते. इंग्लंडमध्ये ड्रायडनने ‘काव्यकले’च्या अनुवादावर हात फिरवला होता, पोपचा पद्यबद्ध ‘समीक्षेवरील निबंध’ ब्वालो वारला त्याच वर्षी आला, आणि त्यावर त्याची छाया स्पष्ट आहे. मग वारे फिरले. १८१७ मध्ये तरुण कीट्सने एका कवितेत ब्वालोचे नाव घेऊन त्याच्या पंथाला हिणवले. फ्रान्समध्ये १८३० साली ह्यूगोच्या ‘एर्नानी’च्या प्रयोगांना तरुणांनी जो गोंधळ घातला, तो याच नियमांविरुद्ध होता. ज्याने जुन्या पंडितांना टोपणावर घेतले, तो स्वतः नव्या पिढीचा शाप्लँ झाला : शाळेत घोकायचा, तारुण्यात हसायचा. समीक्षक सँत-बवनेही ऐन तरुणपणी त्याच्यावर कठोर लिहिले आणि प्रौढपणी ते मत बदलून त्याला मान दिला.

२८/ आणि शाप्लँ? ‘ला प्युसेल’चे उरलेले बारा सर्ग दोनशेहून अधिक वर्षे हस्तलिखितात पडून होते. ते छापले गेले १८८२ साली. ते आवडीने वाचणारे फारसे कुणी आजही नसेल. महाकाव्य फसलेलेच आहे, ब्वालोचा कान चुकला नव्हता. परंतु शाप्लँची पत्रे आज सतराव्या शतकाच्या अभ्यासकांना लागतात. आणि दिल्लीतल्या त्या ग्रहणाचे वर्णन वाचणारा प्रत्येकजण नकळत त्याच्या पत्त्यावर आलेले टपाल वाचत असतो. एका वाक्यात माणूस संपत नाही, एवढे मला यातून समजले.

२९/ माझे उरले आहे. गेल्या वर्षी एका लग्नात तो वर्गमित्र भेटला. गप्पांच्या ओघात त्याने माझ्या परीक्षणातले ते वाक्य मला म्हणून दाखवले, शब्द न् शब्द. त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, हेच मला लागले. मला त्याची एकही कविता आठवत नव्हती. संग्रहाची प्रत तुझ्याकडे असेल का, असे विचारले, तर म्हणाला, नाही, एकही ठेवली नाही.

३०/ माझ्याकडे होती. घरी आल्यावर माळ्यावरच्या पेटीतून काढली. समासात माझ्या लाल शाईच्या खुणा. बहुतेक कविता खरोखर कच्च्या आहेत. आजही मी त्यांना बऱ्या म्हणणार नाही. पण एकतिसाव्या पानावर एक कविता आहे. रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या आईच्या हातातल्या पिशवीची. तिच्याशेजारी माझी एकही खूण नव्हती. म्हणजे मी ती वाचली होती, ती चांगली आहे हे मला तेव्हाही कळले होते, आणि परीक्षणाच्या सोयीसाठी मी ती वगळली होती.

३१/ ब्वालोला कबुली द्यायला उशीर झाला. मला तेवढा उशीर झालेला नव्हता. त्या पानाचे छायाचित्र मी त्याला पाठवले आणि खाली लिहिले, की ही कविता चांगली आहे, हे तेव्हाच लिहायला हवे होते. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी आले : ‘चौथ्या ओळीत मुद्रणदोष आहे. तेव्हाच दुरुस्त करायला हवा होता.’ आणि खाली ती ओळ, दुरुस्त केलेली.

३२/ बर्नियरचे प्रवासवृत्त ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. सुरतेची नोंद पाहून झाली, की शाप्लँला लिहिलेले ते पत्रही वाचावे. पुढील लेखमाला पेरोविषयी : मुलांच्या गोष्टी लिहिणारा हा सरकारी अधिकारी होमरशी का भांडला, त्याविषयी. तोवर या मालेत काही चुकले असल्यास अवश्य सांगावे. दोष दाखवणारा मित्र जोडावा, हे ब्वालोचे म्हणणे मला अजूनही पटते.